एकास एक

फोटोवाल्याच्या बायकोच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, एक तीळ होता. तीळ जुनाच, पण अलीकडे त्याची एक कड काळवंडली होती. फोटोवाल्याला ती दिसली आणि तो बायकोला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी भिंगातून पाहिलं, मोजलं. पाच मिलिमीटर. म्हणाल्या, आज घाबरण्यासारखं नाही, पण नजर ठेवायला हवी. तुम्ही फोटोवाले आहात ते बरंच झालं. दर महिन्याला याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. केसभर वाढला तरी दुसऱ्या दिवशी या. नाही वाढला तर सहा महिन्यांनी भेटू. त्यांनी कागदाची एक बारकी पट्टीही दिली.

ती पट्टी कपाटावर गेली ती तिथेच राहिली. चाळीस वर्षं कॅमेरा धरलेल्या माणसाला पट्टी कशाला लागते? शिवाय तिची सावली पडते, फोटो घाण दिसतो.

त्याच्याकडे जवळून फोटो काढायचं भिंग होतं. पूर्वी सोनारांच्या अंगठ्या, जुन्या फोटोंच्या नकला अशी कामं त्याच्यावर चालायची. आता लोक फोनवरच भागवतात, त्यामुळे भिंग डब्यात पडून होतं. एका सकाळी त्याने बायकोला स्टुडिओच्या खिडकीशी पाठमोरं स्टुलावर बसवलं आणि भिंगाची कडी फिरवता फिरवता तिला समजावत राहिला, कारण गप्प बसलं की दोघांनाही भीती वाटत होती. कडीवर आकडे कोरलेले असतात. एकास एक म्हणजे तीळ जेवढा आहे तेवढाच तो कॅमेऱ्याच्या आतल्या चौकोनावर पडतो. एकास दोन म्हणजे निम्मा. आतला चौकोन टपालाच्या तिकिटाएवढा.

"म्हणजे मोठा होतच नाही?" बायको म्हणाली. "जेवढ्यास तेवढा? मग एवढं जड भिंग घेतलंत कशाला?"

"अगं, साध्या भिंगात माशीचा ठिपका पडतो. यात माशीएवढी माशी पडते. कागदावर काढली की मग मोठी होते."

"वा. माशीचं कल्याण झालं."

पहिला फोटो त्याने एकास एकवर काढला. वहीच्या पानाएवढा छापून स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवला. मधोमध तीळ, त्याच्या खाली डावीकडे लहानपणच्या कांजिण्यांचा एक पांढरा वण. फोटो चांगला आला होता. पुढच्या महिन्यांत तो याच फोटोकडे बघून कॅमेरा लावी. आधी डोळा भिंतीवर, मग कॅमेऱ्यात, मग पुन्हा भिंतीवर. तीळ चौकटीत तेवढाच बसला पाहिजे. हात बसलेलाच होता. आयुष्यभर त्याने ओळखपत्रांचे फोटो काढले होते. पैलवान येवो नाहीतर मांडीवरचं पोर, डोकं चौकटीत सारखंच बसवायचं. त्यासाठी पाऊलभर पुढे की पाऊलभर मागे, याचा विचारही त्याला करावा लागत नसे. पाय आपोआप सरकत.

सहा महिन्यांचे सहा फोटो ओळीने लागले. सहाही फोटोंत तीळ तेवढाच. दर महिन्याला तो बायकोला म्हणे, बघ, जसाच्या तसा. ती सुटकेचा श्वास टाकी आणि कामाला लागे. मधे एकदोनदा तिथे खाज येते म्हणाली होती, तर त्याने फोटोकडे बोट दाखवलं होतं. स्वतःची पाठ कुणाला दिसते? ती फोटोवर विश्वास ठेवून होती, आणि त्याच्यावर.

सहावा फोटो लागला त्या दिवशी ती केर काढता काढता भिंतीपाशी थांबली.

"अहो, हा माझा वण बारीक होत चाललाय का? पहिल्या फोटोत केवढा होता. आता तिळाच्या अगदी कुशीत आलाय."

तो हसून म्हणणार होता, वण कधी बारीक होतात का, वेडे. पण वाक्य तोंडातच राहिलं. वण बारीक होत नसतात. मोठ्या माणसाच्या पाठीवर ते जागाही सोडत नसतात.

त्याने भिंग डब्यातून काढलं. मागच्या वेळी ठेवलं तसंच होतं, कडीला कुणाचा हात लागला नव्हता. खूण एकास एकवर नव्हती. ती दीड ओलांडून दोनच्या जवळ आली होती. मग त्याने पट्टी घेऊन वण मोजला. पहिल्या फोटोत अठरा मिलिमीटर, सहाव्यात दहा. मधल्या फोटोंत पायरीपायरीने उतरत गेलेला. सगळं निम्म्याच्या जवळ आलं होतं, फक्त तीळ तेवढाच दिसत होता, कारण तोच खरा वाढला होता. दर महिन्याला तो वाढला आणि दर महिन्याला याचे पाय केसभर मागे सरकले, आणि चित्र पुन्हा स्पष्ट करताना बोटांनी कडी फिरवली. मूळचे पाच गुणिले अठरा, भागिले दहा; गुणाकार त्याने दोनदा केला. नऊ मिलिमीटर.

बायकोला तो एवढंच म्हणाला की आज बाईंकडे जाऊन येऊ, सहा महिने झालेच आहेत. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावली. नऊ. त्यांनी काखेत बोटांनी चाचपलं आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. मग बायकोला पडद्याआड कपडे करायला पाठवून त्यांनी हळू आवाजात विचारलं, फोटो काढत होतात ना? त्याने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. चारपाच महिन्यांपूर्वी आला असतात तर तेवढं कापून कदाचित निभावलं असतं, एवढंच म्हणाल्या. पुढच्या तपासण्यांत कॅन्सर यकृतापर्यंत गेल्याचं दिसलं. पाठीवरचं कापलं, काखेतल्या गाठी काढल्या. औषधं सुरू झाली, पण त्यांचा कितपत उपयोग होईल याबद्दल बाईंनी काही कबूल केलं नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं. कडी, वण, पाय, पट्टी, काही लपवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. तो रडायला लागला तेव्हाही वळली नाही.

"मला खाज येत होती," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी."

"हो."

 दुपारभर ती तशीच पडून राहिली. त्याने पाणी आणलं, ते घेतलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "पोरीला हे सांगायचं नाही. ती तुमचं तोंड पाहणार नाही परत. आणि मी गेल्यावर तुम्हाला तिच्याशिवाय कोण आहे?"

तो म्हणाला, सांगू दे मला, मला हे पोटात ठेवून जगता येणार नाही. ती म्हणाली, तुम्हाला काय जमतं न जमतं ते बघत मी एवढी वर्षं काढली, आता नाही बघणार.

लेकीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती लांब राहायची, सुट्टी मिळायची होती. तिचा आवाज पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या फोटोवाल्यालाही ऐकू येत होता. आई, तू इतके महिने गेलीच कशी नाहीस, तुला जिवाची किंमत नाही का, आमचा तरी विचार करायचास. 

"चुकलं गं बाई," बायको म्हणाली. "बाबा रोज मागे लागायचे. मीच चालढकल केली."

मग तिने फोन त्याच्याकडे दिला. लेक रडत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी किती करणार? तिचा हट्ट तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"हं," तो म्हणाला.

बायकोने हात पुढे करून फोन परत घेतला, लेकीला जेवलीस का विचारलं, आणि त्याला खुणेनेच पाठीमागची उशी जरा खाली ओढायला सांगितली.