गोजराआत्याच्या शिव्या

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, आणि माणसांच्या हाताला काम कमी. अशा दिवसांत गावाच्या फेसबुक ग्रुपला ऊत येतो. त्या वर्षी तर विषयही आयता मिळाला होता. मच्छीमार संस्थेचा बर्फाचा कारखाना बंदराला लागून बांधायचा, की तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर? गावाचे दोन तट पडले, आणि दोन्हीकडच्या तोफा संस्थेचे सचिव पुंडलिककाका यांच्यावर सुटू लागल्या.

काकांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नसत. ते रोज सकाळी संस्थेच्या ऑफिसात जाऊन मोठ्या कॉम्प्युटरवर ग्रुप वाचत. घरी येत तेव्हा चेहरा लालबुंद, जेवणावर लक्ष नाही. जयवंतीकाकीने एक दिवस पुतणीला, उन्नतीला, बोलावून सांगितलं की त्या कॉम्प्युटरची वायर कापून टाक. काका म्हणाले, वायर कापून चालणार नाही. हवामानाची सूचना तिथेच येते, डिझेलची बातमी तिथेच, कुणाचं इंजिन दुरुस्त होऊन आलं तेही तिथेच.

"मला भांडणं नको, बाकी सगळं पायजे," ते म्हणाले. "असं करता येतं काय?"

उन्नतीला ते ठाऊक नव्हतं, आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की तिला चैन पडत नसे. ती बोईसरला एका छोट्या ऑफिसात नोकरी करायची. आजूबाजूच्या कारखान्यांच्या वेबसाइट बनवणं आणि सांभाळणं हे तिथलं काम. पण दुसऱ्याने बनवलेल्या पानात हात घालून त्यातलं नको ते झाकायचं, हे तिने कधी केलं नव्हतं. ब्राउझरला जोडता येतात अशा छोट्या ॲड-ऑनबद्दल तिने ऐकलं होतं. तसं एक आपणच लिहून बघू, असं तिने ठरवलं.

पानाचा सांगाडा उघडून तिने पाहिलं, तर आत डबे. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि प्रत्येकाला असं नाव की अर्थ लागू नये. कुठल्या डब्यात पोस्ट सुरू होते आणि कुठे संपते, हे शोधण्यात तिचे दोन रविवार गेले. पहिल्यांदा तिने लिहिलेलं चालवलं तेव्हा सगळं पान कोरं पांढरं झालं. दुसऱ्या वेळी भांडणं जशीच्या तशी राहिली आणि केळव्याच्या एका रिसॉर्टची जाहिरात तेवढी गायब झाली. उन्नती एकटीच हसत सुटली. मग तिच्या लक्षात आलं की पान काही एकदम येत नाही. खाली सरकवावं तशा नव्या पोस्ट येत राहतात. म्हणजे एकदा झाडून उपयोग नाही, दाराशी पहाऱ्याला बसायला हवं. तेही जमलं.

राहिला प्रश्न भांडण ओळखायचा. त्यासाठी तिने ग्रुपवरची जुनी भांडणं वाचून काढली आणि त्यांतले शब्द वेचले. चोर, नालायक, लाज नाय, लाज नाही, मेल्या, मुडद्या, तोंड काळं कर. यातला एक जरी शब्द दिसला तरी ती पोस्ट किंवा त्याखालचं उत्तर झाकलं जाई. ॲड-ऑनला तिने नाव दिलं 'निवळ', कारण गढूळ पाणी निवळतं तसं काहीतरी तिच्या मनात होतं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर 'निवळ' बसलं आणि काका खूश झाले. ग्रुप आता देवळासारखा शांत झालाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. दोघातिघांनी आपापल्या कॉम्प्युटरवरही ते घालून घेतलं. जयवंतीकाकीने उन्नतीला सुक्या बोंबलांची चटणी भरून दिली.

ऑगस्ट लागला, बोटींना रंग चढला, इंजिनं धडधडून बघितली गेली. नारळी पौर्णिमेला गाव समुद्राला नारळ वाहायला निघालं. काकांची बोट निळी-पांढरी नटली होती. पण काका स्वतः दारातच घुटमळत होते. दरवर्षी या दिवशी त्यांची थोरली बहीण, बोईसरला मासळी विकणारी गोजराआत्या, सकाळच्या पहिल्या टमटमने येई, भावाला राखी बांधी, आणि तिच्या हातचा नारळ बोटीवर चढल्याशिवाय बोट हलत नसे. दुपार झाली तरी आत्या आली नाही. काकांचं मनगट मोकळंच राहिलं.

"फोन करून बघू का?" उन्नतीने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "तिला यायचं असतं तर आली असती. बर्फाच्या कारखान्यावरून रुसली असेल. ती रस्त्याच्या बाजूची."

नारळ काकीनेच वाहिला.

उन्नतीला हे पटेना. आत्या रुसणारी बाई नव्हती. ती रागावायची, आणि राग आला की तो सगळ्या बाजाराला ऐकू जायचा. गुपचूप घरी बसून राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर उन्नती बोईसरच्या मासळी बाजारात गेली. आत्या पाटीमागे बसून एका गिऱ्हाइकाला मांदेली घालत होती. भाचीला बघून तिने शेजारचा पाट पुढे सरकवला, पण हसली नाही.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर आत्यानेच विषय काढला. "तुज्या काकाला लई मान आलाय," ती म्हणाली. "बोटीचा फोटो टाकला. मी खाली ईचारलं, नारळ घेऊन कवा येऊ? उत्तर नाय. दुसऱ्यांदा ईचारलं, नाय. सगळ्या गावाला धन्यवाद म्हणतो आन सख्ख्या बईनीला एक अक्षर नाय. मग कशाला जाऊ?"

फोन का नाही केला, असं उन्नतीने विचारलं. आत्याच्या घरात फोन करायचा तो लग्नाला किंवा मरणाला. रोजच्या बोलण्यासाठी ग्रुप होता. पहाटे बर्फाची गाडी रिकामी होईपर्यंत ती मोबाइल तोंडाशी धरून त्यात बोलायची, मोबाइल ते लिहून घ्यायचा आणि माहेरच्या प्रत्येक फोटोखाली तिचं काही ना काही उमटायचं. लग्न होऊन गावाबाहेर गेलेल्या बाईला माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं ते तिथेच.

"काय ईचारलं होतंस? दाखव," उन्नती म्हणाली.

आत्याने मोबाइल पुढे केला. काकांच्या बोटीच्या फोटोखाली लिहिलं होतं, "मेल्या पुंडलिका बोट नवरीगत नटवलीस आन बईनीला सांगितलं नाय मुडद्या नारळ घेऊन कवा येऊ."

उन्नतीला आपली यादी आठवली. मेल्या. मुडद्या. एकाच ओळीत दोन.

घरी जाऊन तिने 'निवळ'ने काय काय झाकलंय ते उघडून पाहिलं. भांडणं होतीच. पण त्यांच्याहून जास्त होती ती गोजराआत्या. कुणाच्या नातवाच्या बारशाला, "मेल्या किती गोरा झालास रे." कुणाच्या दहावीच्या निकालाला, "मुडद्या पेढा कुठाय." महिनाभर आत्या माहेरच्या दारात उभी राहून हाका मारत होती, आणि उन्नतीने दार लावून घेतलं होतं.

सकाळी तिने काकांना सगळं सांगितलं. त्यांनी आत्याचं लिहिलेलं वाचलं, पुन्हा वाचलं. मग ऑफिसला कुलूप घातलं, वाटेत एक लुगडं घेतलं आणि बोईसरची टमटम पकडली. राखी गोकुळाष्टमीपर्यंत चालते. बाजारातच, पाटीमागे बसून, आत्याने ती बांधली आणि बांधता बांधता भावाला एवढ्या शिव्या घातल्या की शेजारच्या बायका ऐकत राहिल्या.

भावाबहिणीचं जुळलं, पण उन्नतीचा प्रश्न सुटला नव्हता. तो आता कुठे सुरू झाला होता. 'मेल्या' हा शब्द एकच, अक्षरं तीच. मग माणसाला ते भांडण आहे की माया, हे कळतं कशावरून? आणि माणसाला कळत असेल तर यंत्राला का सांगता येऊ नये?

पुढच्या आठवड्यात ती दोनदा बाजारात जाऊन बसली. आत्यालाही गंमत वाटू लागली होती. आत्या आधी ठामपणे म्हणाली की सोपं आहे, मी आपल्या माणसालाच मेल्या म्हणते, परक्याला नाही. उन्नतीने तिचंच लिहिलेलं तिला दाखवलं. पाण्याच्या टँकरवाल्याने पाटी तुडवली होती तेव्हा आत्याने त्याचा फोटो टाकून त्यालाही मेल्याच म्हटलं होतं. आत्याने तो फोटो निरखला, मान हलवली. "हा तर आपला नाय," ती म्हणाली. "मंग मला तरी काय ठाऊक, पोरी. तोंडात येतं ते येतं."

उन्नतीने वेगवेगळे नियम करून बघितले. हसरा चेहरा असेल तर माया? पण हसरे चेहरे भांडणाऱ्यांनीही चिकटवले होते, टोमणा म्हणून. नाव घेऊन शिवी दिली तर माया? तेही खरं ठरेना. एकाच आडनावाची माणसं असतील तर? गावात अर्ध्यांचं आडनाव एक. प्रत्येक नियम थोडा चाले आणि मग कुठेतरी फसे, आणि जिथे फसे तिथलं वाचण्यात तिचा तासन् तास जाई. आपण इतकी वर्षं या लोकांत राहिलो आणि ती कशी बोलतात हे आत्ता ऐकतोय, असं तिला वाटलं.

शेवटी तिने निवाड्याचं काम यंत्राकडून काढून घेतलं. आता 'निवळ' काही गायब करत नसे. पोस्टच्या जागी एक पट्टी दिसे आणि त्यावर लिहिलेलं असे की अमक्याने लिहिलंय, कडक शब्द आहेत, उघडू का? ज्याचं नेहमी उघडं हवं त्याच्यापुढे एक खूण करायची. काकांनी पहिली खूण गोजराआत्यापुढे केली.

खूण करून झाल्यावर काका उठले नाहीत. पान खाली सरकवत सरकवत ते जुलैमधल्या एका पोस्टवर थांबले.

"ही झाकता येते काय?" त्यांनी विचारलं.

उन्नतीने वाचली. "संस्थेच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी आता नव्या पिढीवर जबाबदारी सोपवून विश्रांती घ्यावी, ही नम्र विनंती." लिहिणारा होता अनुज, काकांचा मुलगा. तो पालघरला फ्लॅटमध्ये राहायचा, एका कंपनीत सुपरवायझर होता. पोस्टला गावभरचे अंगठे पडले होते. त्यात एकही कडक शब्द नव्हता. 'निवळ'च्या नजरेत ती पोस्ट धुतल्या तांदळासारखी होती, आणि म्हणून ती सबंध महिना काकांच्या समोर तशीच उघडी राहिली होती.

"तुम्ही रोज वाचत होता?" उन्नतीने विचारलं.

"दिसायची ना," काका म्हणाले.

उन्नती म्हणाली की शब्द धरून ही झाकता येणार नाही. अनुजदादाचं नाव टाकलं तर त्याचं सगळंच झाकलं जाईल, त्याच्या मुलीचे फोटोसुद्धा. काकांनी नातीचा एक फोटो उघडून पाहिला. मग त्यांनी माऊस बाजूला ठेवला.

"मग नको. त्याला रविवारी जेवायला बोलाव. मी सांगितलंय म्हण."

रविवारी अनुज आला. सगळे एकत्र जेवले. हात धुऊन आल्यावर काकांनी सरळ विचारलं की मी नको झालोय असं तुला वाटतं, तर माझ्या तोंडावर का नाही सांगितलंस. अनुज गडबडला. मग हळूहळू बाहेर आलं. जूनमध्ये बोट वर ओढताना काकांना भोवळ आली होती आणि ते धक्क्यावर बसून राहिले होते. काकांनी ते घरात सांगितलं नव्हतं. अनुजला ते एका खलाशाकडून कळलं. त्याने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा काकांनी त्याला उडवून लावलं.

"तुमी ऐकत नाय म्हणून लिहिलं," अनुज म्हणाला. "चारचौघांत लिहिलं तर ऐकाल वाटलं."

"नम्र विनंती," काका म्हणाले. "अरे, त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं होतं. आपल्या घरात अशी भाषा कोण बोलतं?"

जयवंतीकाकी आतून बाहेर आली. भोवळ हा शब्द तिच्या कानावर पडला होता. पुढचा तासभर बाकी कुणाला बोलायला मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी काका आणि अनुज डॉक्टरकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या, आणि सचिवपद मार्चच्या सभेपर्यंतच ठेवायचं असं बापलेकांत ठरलं. बर्फाच्या कारखान्याची जागा मात्र अजून ठरायची आहे.

दिवाळीच्या आधी उन्नतीने 'निवळ' सगळ्यांना घेता येईल असं खुलं केलं. फारसं कुणी घेईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि फारसं कुणी घेतलंही नाही. पण एक दिवस वेंगुर्ल्याहून एका अनोळखी बाईचा निरोप आला. आमच्या गावच्या ग्रुपवर ते छान चालतंय, पण आमच्याकडे लोक एकमेकांना 'वशाड पडो' म्हणतात, ते तुमच्या यंत्राला कळत नाही. ते शब्दांत घालायचं की नाही, हे तिलाच ठरवता येत नव्हतं. तिची सासू जावयालाही तेच म्हणते.

उन्नतीने तो निरोप बाजारात नेऊन आत्याला वाचून दाखवला. आत्याने हातातला कोयता खाली ठेवला आणि शब्द तोंडात घोळवून बघितला.

"वशाड," ती म्हणाली. "झकास हाय. म्हंजे काय गं?"

उन्नतीला माहीत नव्हतं. तिने तिथेच, माशांच्या पाटीशेजारी बसून, वेंगुर्ल्याच्या बाईला विचारायला लिहायला घेतलं, आणि आत्या खांद्यावरून वाकून सांगू लागली की आणखी काय काय विचारायचं.