चवळीवरच्या काळ्या अळ्या

सासूसुनेचा अबोला दहा दिवस चालला होता. कारण विचाराल तर उतू गेलेलं दूध, आणि त्यावरून निघालेलं माहेर. शेवटी म्हातारीनंच माघार घ्यायचं ठरवलं. तोंडानं हरणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून हातानं हरावं म्हटलं. सून दोन दिवस भावाकडे गेली तशी म्हातारी टोपली घेऊन ओढ्याकाठच्या तुकड्यात शिरली.

तुकडा सुनेचा. म्हणजे एका हंगामापुरता. म्हातारा चारचौघांत म्हणाला होता, "औषधाचा थेंब न मारता चवळी काढून दाखव, तुकडा कायमचा तुझा. नाही जमलं, तर पुन्हा मला शेती शिकवायला यायचं नाही." तेव्हापासून पोरगी ऊन म्हणत नव्हती की पाऊस.

आणि तिच्या चवळीवर ह्या अळ्या! काळ्या, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके. बघूनच शिसारी यावी. शेंड्यांवर रस शोषणारा बारीक मावाही थोडा होता, पण मावा काय, दरसालचा पाहुणा. म्हातारीनं कंबर मोडेस्तोवर अळ्या वेचल्या आणि बांधावरच्या दगडावर चिरडल्या. ठिपक्यांचा लाल किडा दिसला की मात्र तळहातावर घ्यायची, फुंकर घालून उडवून द्यायची. त्या किड्यांवर तिचा लहानपणापासून जीव.

सून आली तशी म्हातारी दारातूनच म्हणाली, "जा, चवळी बघून ये. एक अळी शिल्लक ठेवली नाही."

सून चप्पल न घालताच पळाली. परत आली ती पायरीवर बसली.

"कुठल्या अळ्या, आत्या?"

"त्या काळ्या, काटेरी. ओंजळी भरभरून निघाल्या बघ."

"लाल किड्यांची पिल्लं होती ती. मावा तीच खातात. मी एक बाटलीत ठेवून पाहिली होती. अळीचा कोष झाला, कोषातून लाल किडा निघाला."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"आपण बोलत कुठे होतो?"

आठच दिवसांत मावा उसळला. शेंडे काळे पडले, पानं चिकट झाली, कोवळ्या शेंगा वाकड्या झाल्या. म्हातारा बांधावर उभा राहून पोटभर हसला.

"काय सूनबाई, शिकवताय ना शेती?"

"माझंच चुकलं, मामा," सून म्हणाली. सासूकडे तिनं पाहिलंही नाही.

अळ्या मी वेचल्या, एवढंच म्हातारीला म्हणायचं होतं. उतू गेल्या दुधावरून सुनेचं माहेर काढणारी जीभ नवऱ्यापुढे टाळूला चिकटली. चाळीस वर्षं ती तशीच चिकटत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

ती गोठ्यात गेली. खुंटीवर तीच टोपली लटकत होती. काठाच्या खाली एक रिकामा कोष चिकटलेला, आणि त्याच्याशेजारी लाल किडा, कोरा करकरीत, पंख वाळवत बसलेला. एवढा एक तिच्या हातून निसटला होता.

तिनं त्याला तळहातावर घेतलं. बाहेर ओढ्याकडच्या वाटेनं म्हातारा पाठीवर औषध फवारायचा पंप घेऊन निघाला होता. म्हातारी तशीच उभी राहिली. फुंकर काही घालवेना.