सहावं पान

टेबलाखाली पाय लांब करून तिनं तळव्यानं चाचपलं. खाली खेळत बसलेल्या लेकीची, गोटीची, पाठ पायाला लागली. कोमट, श्वासाबरोबर हलणारी. मग तिनं पेन्सिल उचलली.

समोरच्या कागदावर कुंभार माती तुडवत होता. डोळे मिटलेले, ओठांवर देवाचं नाव. पाय छान जमले होते, घोट्यापर्यंत चिखल, बोटांच्या फटींतून वर आलेला. मागे विहिरीच्या वाटेवर त्याची बायको घागर घेऊन निघाली होती, पाठमोरी. आणि चिखलाच्या कडेशी मूल रांगत येत होतं.

गोष्ट सगळ्यांच्या ऐकण्यातली. बायको पाण्याला जाते, नामात दंग झालेल्या कुंभाराला भान राहत नाही, रांगत आलेलं मूल चिखलात त्याच्या पायाखाली येतं. शेवटी देव प्रसन्न होतो आणि मूल हसत परत येतं. चोवीस पानं, वयोगट पाच ते आठ. थोरामोठ्यांच्या गोष्टींच्या या मालिकेतलं तिचं हे चौथं पुस्तक.

फोन थरथरला. संपादकबाई. हात मोकळा राहावा म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, कच्ची चित्रं पाहिली. कुंभार काय काढलाय हो! पाय धरावेसे वाटतात."

"हं."

"पण बायकोला तोंड कुठंय? आठव्या पानावर पाठमोरी, दहाव्यावर घागरीआड, चौदाव्यावर पदरात खुपसलेलं. बिचारीनं असं काय पाप केलंय?"

"काढते."

"आणि चौदाव्यावर रक्तबिक्त नको हं. म्हणजे, दिसायला नको पण कळायला हवं."

"बरं."

"शेवटच्या पानावर तरी हसवा तिला. हात जोडलेले, नजर देवाकडे. आणि अजून एक. सहावं पान काढून टाकतेय. मालकांना शेवटच्या पानावर मालिकेतल्या पुस्तकांची यादी हवीय, आणि पानं चोवीसच. तसंही सहाव्यावर घडतंय काय? 'बाळाकडे लक्ष ठेवा' एवढं सांगते आणि जाते. आठव्यावर पाण्याला निघालेली दिसतेच की."

तिनं पेन्सिलीचं टोक पाहिलं. बोथट झालं होतं. ती टोक काढू लागली.

"चालेल ना?"

"चालेल."

"तुमचं बाई एक बरं असतं. बाकीचे चित्रकार एका झाडासाठी तासभर भांडतात."

फोन ठेवल्यावर तिनं सहावं पान शोधलं आणि त्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली. पानावर मजकुराची एक ओळ आणि नुसती पुसट रेखाटणी होती. अंगणात कुंभार, दारात बायको, तिच्या चेहऱ्याच्या जागी अंड्यासारखा गोल. पान इतर पानांबरोबर पलंगावर ठेवून ती परत खुर्चीत बसली, आणि बसताबसताच पाय टेबलाखाली गेला.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी ती याच खुर्चीत बसून याच मालिकेतली राणी रंगवत होती. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीला घट्ट बांधलेलं मूल. लगामाची बारीक रेषा काही केल्या साधत नव्हती. तेवढ्यात गोटीनं स्वयंपाकघरातलं लोखंडी स्टूल ओट्यापर्यंत ओढत नेलं, वर चढून बरणीला हात घातला आणि बरणीसकट खाली आली. भुवईच्या वर नऊ टाके. डोळा वाचला तो बोटभरानं. दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं होतं, "आई कुठे होती?"

"चित्र काढत होते," ती म्हणाली होती.

त्यानंतर कुणी तिला एक शब्द बोललं नाही. सासूबाईंनी तर फोनवर समजूतच घातली, "मुलं म्हटली की पडायचीच गं. मनाला लावून घेऊ नकोस." तिनं लावून घेतलंच नव्हतं. मनाला काही लागतच नव्हतं. ती वेळेवर जेवत होती, गोटीची वेणी घालत होती, व्रणावर मलम लावताना बोट हलकं ठेवत होती. स्टूल तिनं माळ्यावर टाकलं. टेबलाखाली सतरंजी अंथरली, तिथे गोटीची खेळणी मांडली, आणि गोटी जागी असताना पाय तिच्या अंगाला लागल्याशिवाय कागदावर रेघ ओढली नाही.

एकच गोष्ट ती अधूनमधून उलटून पालटून पाहायची. त्या दुपारी कामाला बसण्याआधी आपण नवऱ्याला म्हणालो होतो, "जरा तिच्याकडे बघ रे." की नुसतं म्हणायचं मनात आलं होतं? वाक्य आठवत होतं. आवाज आठवत नव्हता.

दार ढकलून नवरा आत आला. आज त्याला सुट्टी होती. हातात दोन कप. हल्ली घरात तो आजारी माणसाच्या खोलीत चालावं तसा चालायचा. कप टेबलावर ठेवून तो खाली वाकला.

"काय गं गोटे, आज काय विकायला काढलंय?"

"दुकान बंद आहे," गोटी म्हणाली.

"अरेच्चा! मग मापं कसली चाललीत?"

"माझं मीच घेतेय."

तो हसला आणि चहा घेऊन पलंगाच्या कडेला टेकला. एकेक पान उचलून पाहू लागला. लाल फुलीच्या पानापाशी थांबला.

"हे का काढलं?"

"जागा हवीय त्यांना. यादीला."

"पण मग..." त्यानं पान पुन्हा वाचलं. वाचायला एकच ओळ होती. "मग असं वाटेल की ती मुलाला तशीच टाकून गेली."

"मुलांना काय कळतंय त्यातलं."

ती कुंभाराच्या पायाला छाया देत होती. नवऱ्याचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू मला सांगितलं होतंस," तो म्हणाला.

तिची पेन्सिल थांबली.

"त्या दिवशी. आत येऊन सांगितलंस, आणि मी हो म्हणालो." तो तिच्याशी नव्हे, हातातल्या कागदाशी बोलत होता. "फोनवर काहीतरी बघत पडलो होतो. काय ते आता आठवतसुद्धा नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला मला. वाटलं, तूच असशील."

टेबलाखाली गोटी बटणं मोजत होती. एक किलो. दोन किलो.

"दवाखान्यात मी बोलणारच होतो गं. पण तू म्हणालीस, चित्र काढत होते. आणि डॉक्टर पुढचं विचारायला लागले."

कागदाचा कोपरा तो दुमडत होता, उलगडत होता, परत दुमडत होता. कच्च्या चित्राला वळी पडेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. रागाची ती वाट पाहत होती. तो आला नाही. रडूही आलं नाही. आल्या त्या पायाला मुंग्या. बहुधा केव्हाच्या आल्या असाव्यात.

"चहा गार होतोय तुझा," ती म्हणाली, आणि तिनं पाय गोटीच्या पाठीवरून काढून घेतला.

गोटीनं खालून डोकं काढलं.

"आई, पाय?"

"राहू दे आता."

गोटीनं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग बटणांचा डबा काखेत मारून ती बाहेर आली आणि खुळखुळ वाजवत आत स्वयंपाकघराकडे गेली. खुळखुळ थांबली. पाठोपाठ फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दोघांनीही ऐकला. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि ती उठली नाही.

नवरा उठला. कागद पलंगावर टाकून, चपला न घालता धावत गेला.

"काय हवंय? मला सांग," आतून त्याचा आवाज आला.

"बरणी."

"ही?"

"ही नाही रे बाबा, ती!"

बरणीचं झाकण फिरलं. गोटी काहीतरी खाऊ लागल्याचं इथपर्यंत कळत होतं.

कड सोडायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं सहावं पान पुढ्यात ओढलं. दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला. फुलीवर खोडरबर घासला, पण लाल रंग पुरता गेला नाही, गुलाबी खूण राहिलीच. समासात तिनं लिहिलं : 'हे पान राहील. यादी मलपृष्ठाच्या आत छापा.' वाचून पाहिलं. 'कृपया' घालावंसं वाटलं, पण घातलं नाही.

मग ती दारातल्या बाईकडे वळली. आधी कपाळ काढलं, मग भुवया, नाक. तोंडापाशी पेन्सिल क्षणभर थबकली.

तोंड तिनं उघडं काढलं. बाई काहीतरी सांगत होती, आणि या पानावर कुंभाराचे डोळे अजून मिटलेले नव्हते.