चौथ्या ओळीतला थांबा

सौदीतल्या अबकैकला, तेल प्लांटच्या कर्मचाऱ्यांच्या कंपाउंडमध्ये विवेक पानवलकर अकरा वर्षं राहत होता, आणि त्या अकरा वर्षांत त्याच्या तबल्याला स्टेजवर एकदाही बोलावणं आलं नव्हतं. सांगलीत तबल्याच्या पाच परीक्षा दिलेला माणूस. पण इथल्या वार्षिक कार्यक्रमात राज्य कराओकेचं. विवेककडे माइक तपासायचं काम असे. 'हॅलो, वन टू थ्री' एवढंच त्याचं सादरीकरण, तेही लोक यायच्या आधी.

यंदा संधी शेजारीच राहायला आली. लुओ हा चिनी इंजिनिअर प्लांटमध्ये पंपांची थरथर मोजायचा आणि घरी गूछिन वाजवायचा. गूछिन म्हणजे टेबलावर आडवी ठेवलेली सात तारांची लांब फळी. आवाज इतका हळू, की शेजारी पापड तळला तरी बुडावा. शेकडो वर्षं कुणी न वाजवलेली एक धून तो जुन्या छापील पोथीवरून पुन्हा उभी करत होता. कमिटीने तिला कार्यक्रमात शेवटचं मानाचं स्थान दिलं होतं. विवेकने साथीला बसायची तयारी दाखवली.

"ताल कुठला?"

"पोथीत नाही," लुओ म्हणाला. "खलास. मीच शोधतोय."

विवेक मनात हसला. त्याचे गुरुजी सांगायचे, जुने खाँसाहेब दाराआड कुणी उभं दिसलं की चीज मुद्दाम वाकडी गायचे. अस्सल बंदिश जावयालासुद्धा द्यायचे नाहीत. द्यायचे ते मुलगी नीट नांदतेय याची खात्री करून.

"तालाचा पत्ता नाही म्हणे!" तो घरी बायकोला, हेमलताला म्हणाला. "लपवतोय."

"तुमच्यापासून? तुम्ही काय पळवून नेणार आहात?"

"म्हणजे त्याला माझा संशय येतोय, असं म्हणतेस?"

हेमलताने मिक्सर सुरू केला.

दुसऱ्या दिवशी लुओने आपणहून पोथीची झेरॉक्स दाखवली. एकेक चिन्ह समजावलं. डाव्या हाताची अनामिका इथे दाबायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तिसरी तार आत ओढायची. बोट, तार, जागा, सगळं लिहिलेलं. किती वेळ थांबायचं ते मात्र कुठेच नाही. ते वाजवणाऱ्याने वाजवून वाजवून शोधायचं. "चौथ्या ओळीत एका जागी सात महिने अडकलोय," लुओ म्हणाला.

विवेकचा संशय पक्का झाला. जो माणूस एवढं उघडून दाखवतो, त्याने काहीतरी नक्कीच झाकलेलं असतं.

मग प्लांटवरून आला की तो मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालू लागला. भिंतीपलीकडे उघड्या खिडकीशी लुओचा रियाज. इतक्या पाण्याने कढीपत्त्याने आठवडाभरात मान टाकली, पण विवेकच्या एक्सेलमध्ये नोंदी जमल्या: पहिली ओळ रविवारी एक्केचाळीस सेकंद, सोमवारी अठ्ठेचाळीस, मंगळवारी एकोणचाळीस. म्हणजे आपण उभे आहोत हे त्या चिन्याला कळलंय आणि तो मुद्दाम वाकडं वाजवतोय!

विवेकही हट्टाला पेटला. पाण्याच्या निळ्या पिंपावर बोटांनी ठेका धरू लागला. झपताल बसेना. रूपक लागतोय लागतोय म्हणेपर्यंत चौथ्या ओळीत सम निसटायची. रोज त्याच जागी. मग बोटं हवेत धरून तो वाट बघायचा, आणि पुढचं काही सापडल्यासारखं वाटलं की पिंपावर एक थाप द्यायचा.

कार्यक्रमाला चार दिवस असताना लुओ दारात उभा राहिला. हातात झेरॉक्स, चेहरा पोलिसासारखा.

"मिस्टर विवेक, भिंतीमागे तुम्ही असता?"

"ते कढीपत्त्याचं जरा..."

"तुम्हाला ही धून आधीपासून येते."

"मला?"

"चौथ्या ओळीत रोज थांबता. बरोबर तिथेच! मी सात महिने तोच थांबा शोधत होतो. कुणाकडे शिकलात? आणि माझ्यापासून लपवलंत का?"

गप्प बसलं असतं तर स्टेज पक्कं होतं. विवेकने तोंड मिटूनही पाहिलं. पण पाच परीक्षा दिलेल्या माणसाला चुकलेली सम पचत नाही.

"लुओ, तिथे मी चुकतो," तो म्हणाला. "मात्रा हरवते. सापडेपर्यंत थांबतो, इतकंच."

लुओने डोळे बारीक केले. "माझे गुरुजीही असंच म्हणायचे," तो म्हणाला. त्याचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता. "तबला आणू नका, माझा आवाज बुडेल. नुसते शेजारी बसा. त्या जागी खूण करा."

तर गुरुवारी विवेक पानवलकर रेशमी कुर्ता घालून, हात रिकामे ठेवून स्टेजवर बसला. चौथ्या ओळीत लुओने बोटं उचलली आणि त्याच्याकडे पाहिलं. मग अख्ख्या हॉलने पाहिलं. विवेक मोजत होता, आणि नेहमीसारखाच हरवला. कुणी खोकलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने त्याची मान हलली, लुओने तार ओढली, आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

चालत घरी येताना हेमलता म्हणाली, "छान झालं हं. एक विचारू?"

"विचार."

"ती मान तुम्ही हलवलीत, की डुलकी लागली होती?"

विवेकने रेशमी कुर्त्याची बाही सारखी केली.

"खरं सांगून बघितलं एकदा," तो म्हणाला. "काही उपयोग होत नाही."