शेठचं बीळ

घनश्यामभाऊंना तळ्यातलं सगळं कळतं, हे गावात दुसऱ्या कोणाला सांगावं लागत नसे. ते स्वतःच सांगत. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष झाल्यापासून तर त्यांना तळ्याबाहेरचंही कळू लागलं होतं. कोणाचं लग्न, कोणाचं भांडण, कोणाच्या बैलाचं फुगलेलं पोट, भाऊंचं मत तयार. आणि एकदा दिलेलं मत ते परत घेत नसत.

त्यांची सून रोशनी चंद्रपूरची. लग्नात ती कपाट नि कूलर घेऊन आली होती, आणि यंदाच्या उन्हाळ्यात एक कासव घेऊन आली. परदेशी, वाळवंटातलं, पालथ्या घमेल्याएवढं. कोळसा खाणीतल्या एका साहेबानं बदली झाल्यावर ते कागदपत्रांसकट तिच्या वडिलांना देऊन टाकलेलं. वडील सायकली दुरुस्त करायचे. दिवसभर दुकानात बसून राहणारं आणि काहीही न घेणारं हे गिऱ्हाईक बघून त्यांनी त्याचं नाव ठेवलं शेठ. मागच्या हिवाळ्यात वडील गेले. भावानं दुकान बंद केलं, शेठला कोणी विचारेना, तेव्हा रोशनी त्याला सासरी घेऊन आली. वडिलांनी लळा लावलेलं एवढंच तिच्याकडे उरलं होतं. ते जगावं, याहून जास्त तिचं सासरी काही मागणं नव्हतं.

"मामाजी, याले उंच, कोरडी जागा लागते," ती सासऱ्यांना म्हणाली. "बीळ घराच्या मागं करू. तोंड सकाळच्या उन्हाकडं, अन् पाणी आत शिरणार नाई असं. बाबा तसंच करत होते."

घनश्यामभाऊ मायेनं हसले. ते मायेनं हसले की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

"बाई, तुझे बाबा सायकलवाले. आमी तळ्यातले लोक. आमच्या जाळ्यात किती कासवं आली अन् गेली. कासवाले कोरडी जागा म्हणजे मासोळीले झाड."

रोशनीनं नवऱ्याकडे पाहिलं. मिथुननं तत्परतेनं आभाळाकडे पाहिलं.

मग संस्थेची माणसं जमली. तळ्याच्या पाळीखाली खड्डा खणला, जुन्या मोरीचा सिमेंटचा पाइप त्यात आडवा घातला, वरून माती लोटली. तोंड तळ्याकडं, कारण कासवाला पाणी दिसलं की बरं वाटतं, असं भाऊंनी सांगितलं. तळं पडलं दक्षिणेला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, असं दार चालत नाही, म्हणून संस्थेतले पोचूभाऊ अडून बसले. शेवटी तोडगा निघाला: तोंड तळ्याकडंच, पण यमासाठी वर लिंबू-मिरची. यमाचं माहीत नाही, पण शेठनं त्याच संध्याकाळी मान लांब करून मिरच्या खाल्ल्या.

आषाढात झड लागली. तळं चढलं, आणि ज्याला पाणी दिसायला हवं होतं त्याच्या घरातच पाणी आलं. रोशनी गुडघाभर चिखलात शिरली, पाइपात खांद्यापर्यंत हात घालून तिनं शेठला ओढून काढलं. त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते. चुलीजवळ पोत्यात गुंडाळून ती त्याला घेऊन बसली, आणि तिला रडू आवरेना. सासू गोकुळाबाईनं चुलीतली गरम राख जरा पुढं ओढून ऊब करून दिली.

"पोहून राह्यलं होतं ते," घनश्यामभाऊ दारातून म्हणाले. "तू काऊन काढलं त्याले? जरा ऊन पडलं का वापस ठेवू."

रोशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडानं ती "हो मामाजी" म्हणाली, आणि ऊन पडल्यावर शेठ अजून बरा नाही, अजून बरा नाही, असं म्हणत दिवस काढू लागली.

शेठनं मात्र स्वतःचं पाहिलं. अध्यक्ष झाल्यावर भाऊंनी अंगणात उंच वट्टा बांधून घेतला होता. आत मुरूम भरलेला, वर गुळगुळीत फरशी. पुढून बघणाऱ्यानं बघत राहावं असा. मागून कोण बघतो, म्हणून तिकडच्या विटा लावायच्याच राहून गेल्या होत्या. मागची बाजू पूर्वेची. उंच, कोरडी, सकाळी ऊन, दुपारी वट्ट्याचीच सावली. शेठनं पुढचे पाय घातले आणि मुरूम उकरायला सुरुवात केली. रोशनीनं पाहिलं, आणि ती गप्प बसली. निघालेला मुरूम ती रोज टोपलीनं वांग्यांच्या वाफ्यांमधल्या वाटेवर नेऊन टाकी. वाट छान झाली म्हणून भाऊंनी तिचं कौतुकही केलं.

श्रावणात संस्थेची बैठक वट्ट्यावर भरली. तळ्यात कोणत्या माशांची बोटुकली, म्हणजे पिल्लं, सोडायची यावर भाऊ बोलत होते. पोचूभाऊंनी होकार द्यायला अंग पुढं झुकवलं, आणि खुर्चीसकट ते सावकाश खाली गेले. मागची फरशी खचली होती. शेठचं बीळ तिथून आणखी आत, उरलेल्या वट्ट्याखाली गेलेलं होतं.

"फावडं आणा," घनश्यामभाऊ गरजले. "बुजवा ते."

"आत शेठ हाये," रोशनी म्हणाली. कोणी थांबलं नाही, तेव्हा ती जाऊन बिळाच्या तोंडाशी बसली.

माणसं घमेली घेऊन उभी राहिली. सुनेला सासऱ्यानं हात लावायचा नसतो, परक्यानं तर नाहीच. भाऊंनी बायकोकडे पाहिलं. गोकुळाबाई म्हणाली, "माझे हात पिठाचे हायेत." मिथुनकडे पाहिलं, तर त्यानं चक्क फावडं खाली ठेवलं. आभाळाकडे न बघता ठेवलं.

अख्खी संस्था अध्यक्षांकडे बघत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घनश्यामभाऊंनी घसा साफ केला, आणि ते मायेनं हसले.

"तुमाले काय वाटलं, मले माहीत नोहोतं? ही जागा मीच पाह्यली होती. उंच, कोरडी. म्हणूनच मांगच्या इटा लावल्या नाई मी. विचार सूनबाईले."

सगळ्यांनी रोशनीकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या त्या तोंडावर चिखलाचा गोळा फेकावा, असं तिला वाटलं. तिनं पदर सारखा केला.

"हो," ती म्हणाली. "मामाजीनंच पाह्यली. बाकीचा वट्टाबी तेच पाडणार हायेत. नाई तं उरलेली फरशी शेठच्या डोक्यावर पडन, असं त्यायचंच म्हणनं हाये."

"वा," पोचूभाऊ खड्ड्यातून म्हणाले. "याले म्हणते मन."

घनश्यामभाऊंचं हसू तोंडावरच राहिलं. एकदा दिलेलं मत होतं, संस्थेसमोर दिलेलं. गोकुळाबाईनं पिठाच्या हातांनी घरातून फरशी फोडायची लोखंडी सब्बल आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"हळू मारा मामाजी," रोशनी म्हणाली, "आत जीव हाये," आणि बिळाच्या तोंडावरून उठायचं मात्र तिनं नाव घेतलं नाही.