चिकातला गहू

सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या आणि गच्चीवरची कुंडी सुनेच्या गळ्यात पडली. कुंडीत गव्हाचं एकच रोप. सासूबाईंच्या वडिलांनी जपलेलं वाण. बरणीतलं बी किड्यांनी फस्त केलं, आणि उरलंसुरलं पेरलं त्यातलं एवढंच उगवलं. हे गेलं की वाण संपलं.

सून कामाला वाघ, पण पिवळं पान दिसलं की हिचा जीव खालीवर. ओंबी आली, खालची पानं पिवळी पडायला लागली, तसा हिने चिमूटभर युरिया घातला. मग आणखी एकदा. वर दोन्ही वेळ पाणी. रोप कसं हिरवंगार झालं! सासूबाई परतल्या तेव्हा त्यांना चपलासुद्धा काढू न देता तिने गच्चीवर नेलं.

सासूबाईंनी ओंबीतला एक दाणा काढून नखाने दाबला. पांढरा चीक अंगठ्यावर आला.

"अगं, एव्हाना टणक व्हायला हवा होता. काय घातलंस?"

तिने सांगितलं. सासूबाई कठड्याला टेकल्या.

"पानं आजारी नव्हती गं. अंगातलं सत्त्व काढून दाण्याला देत होती, म्हणून पिवळी पडत होती. तू त्यांना पुन्हा तरुण केलंस. आता ती कशाला देतायत?"

उन्हं तापायला लागली होती. झळा सुरू झाल्या की दाणा चिकातच सुकणार.

"मग करायचं काय, आई?"

"पाणी तोडायचं. आजपासून."

"मरेल ते."

"मरायलाच हवं. फक्त सावकाश."

दुपारी पानं माना टाकायची आणि हिला घास गिळवेना. एकदा सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून ती पाण्याचं भांडं घेऊन निघालीच. जिन्यात थबकली, पायरीवर बसली आणि सगळं पाणी स्वतःच प्यायली. स्वतःचा राग राग येत होता तिला.

पिवळेपणा खालून वर चढत गेला. शेवटी ओंबीजवळचं पानही वाळलं, आणि दुसऱ्याच दिवशी झळा सुरू झाल्या.

सासूबाईंनी ओंबी तळहातावर चोळली. बरीचशी फोलपटंच. जाडसे दाणे चार.

"एक चावून बघ."

"चारातला एक?"

"त्याशिवाय कळायचं कसं?"

तिने डोळे मिटून दाणा दाताखाली धरला. कट्कन वाजलं. टणक होता. तिथेच तिला रडू फुटलं.

सासूबाईंनी उरलेले तीन दाणे तिच्या मुठीत ठेवले आणि मूठ मिटवली.

"पुढच्या खेपेला तू लाव. मी असेन, नसेन."

सुनेने कुंडीतलं वाळकं पान उचललं. त्याला वजनच नव्हतं.