अकरा जर्सी

जयसिंगरावांनी बाकावर अकरावी जर्सी पसरली, तिच्यावर नावाची चिठ्ठी टाचली आणि घड्याळ पाहिले. सातला दहा कमी.

जे. पी. नगरातल्या या इंजिनिअरिंग कॉलेजने त्यांना निपाणीहून पहिला फुटबॉल प्रशिक्षक म्हणून आणले, तेव्हा कॉलेजात मैदान होते, फुटबॉल नव्हता. सव्वीस वर्षांनी फुटबॉल होता आणि मैदानाचे उद्यापासून पार्किंग होणार होते. शेवटच्या सामन्याला त्यांनी आपला पहिला संघ बोलावला होता. पलीकडे आजची मुले वॉर्म-अप करून कंटाळली होती.

संघ जाहीर करण्याची त्यांची पद्धत जुनीच. तोंडाने कुणाला 'तू नाहीस' म्हणायचे नाही. ज्याची जर्सी बाकावर, तो खेळणार. बाकीच्यांना आपोआप कळते. ही पद्धत फार माणुसकीची आहे, असे ते सर्वांना सांगत. बाकीच्यांना कधी विचारले नव्हते.

साडेसातपासून जुन्या संघाच्या मोबाइल ग्रुपवर माफीचे जोडलेले हात येऊ लागले. कप्तान मुकुल व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता; रविवारी, भल्या सकाळी. गोलकीपर अरविंदचा गुडघा दुखत होता, तोही टोरांटोत.

आठला फाटकातून एक टक्कल पडलेला माणूस आला. हातात कोरे बूट.

"नमस्कार सर. शिवकुमार. बोम्मसंद्र्याहून आलो. कारखान्यात पाळी बदलून घेतली."

"ये, ये! बाकीचे मागून येतायत?"

"मी एकटाच, सर."

शिवकुमार बाकाजवळ गेला. पहिल्या जर्सीपासून अकरावीपर्यंत एकेक चिठ्ठी त्याने सावकाश वाचली. मग बाकाच्या टोकाशी, गवतावर, मांडी घालून बसला. बूट शेजारी ठेवले.

चेहरा जयसिंगरावांना आठवला नव्हता. ते बसणे मात्र त्यांनी चार वर्षे पाहिले होते.

"सर, तुमची टीम आली का?" आजचा कप्तान सुरज पलीकडून ओरडला. "नसेल तर आम्ही जातो, स्वल्प ऊन वाढलंय."

"आली," जयसिंगराव म्हणाले. "दहा जण तुमच्यातले दे."

सुरज हसला. मग हसणे थांबवून मुले मोजू लागला.

जयसिंगराव गुडघ्यावर हात टेकत शिवकुमारपाशी वाकले.

"ऊठ. कुठल्या जागेवर खेळायचास तू?"

शिवकुमारने बूट ओढून मांडीवर घेतले आणि नाडी ओवायला सुरुवात केली.

"ते अजून ठरलेलं नाही, सर."